देवघराचा अतिरिक्त कार्यभार

काकांचा देवावर विश्वास नव्हता, पण देवाशी त्यांचं वैरही नव्हतं. एकाच इमारतीत, पण दुसऱ्या खात्यात काम करणाऱ्या माणसाला आपण जिन्यात भेटल्यावर जेवढी मान हलवतो, तेवढाच त्यांचा देवाशी संबंध. घरातलं देवघर म्हणजे स्वयंपाकघराशेजारची, बिल्डरने सामानासाठी ठेवलेली चिंचोळी खोली. काकू रोज सकाळी तिथे तासभर असायच्या. काका त्या दारावरून दिवसातून अनेकदा जात, पण आत डोकावत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या टेबलावरची फाइल वाचू नये."

मयूर विहारमधल्या सरकारी नोकरांच्या एका सहकारी सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. त्यातली वेगळा दरवाजा असलेली एक खोली मला भाड्याने मिळाली. मी तेव्हा नोएडातल्या एका वृत्तसंस्थेत बातम्यांचं भाषांतर करत होतो. मेट्रो अजून यायची होती आणि माझे केस अजून जायचे होते. खोली देण्याआधी काकांनी मुलाखत घेतली.

"काम काय?"

"बातम्यांचं भाषांतर."

"म्हणजे दुसऱ्यांच्या चुका आपल्या भाषेत आणायच्या."

"साधारण तसंच."

"अच्छा. सकाळी गाणं वगैरे म्हणतोस?"

"नाही."

"मग ये."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, जेवणाचं विचारा की त्याला! कुठे जेवणार आहे तो?"

"ते माझ्या अधिकारात येत नाही," काका मला म्हणाले. "आत जाऊन भेट."

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून ते डेप्युटी सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले होते. कुठलं मंत्रालय, हे मला तिथे राहायला लागून वर्ष झालं तरी कळलं नाही. विचारलं की म्हणत, "जाहीर करण्यासारखं तिथे काही झालं नाही." सोसायटीतल्या बाकीच्या निवृत्तांनी दारावरच्या पाट्यांवर आपापली जुनी पदं कोरून ठेवली होती. एकाने तर 'माजी' हा शब्द इतका बारीक लिहिला होता, की टपालवाला त्याला अजून सलाम करायचा. काकांच्या दारावर फक्त फ्लॅटचा नंबर होता आणि तोही बिल्डरने लावलेला.

एका वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी गणपतीच्या आरतीला 'मुख्य अतिथी' म्हणून बोलवायला आले. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "देखिए, मैं भगवान को मानता नहीं।"

सेक्रेटरी हसले. "अंकलजी, उससे क्या होता है? चीफ गेस्ट लोग कहाँ मानते हैं!"

हे उत्तर काकांना इतकं आवडलं, की ते जवळजवळ तयार झाले. पण त्यांनी आधी बॅनर बघायला मागितला. त्यावर त्यांचं नाव गणपतीच्या नावापेक्षा मोठं होतं. काकांनी बॅनर नीट गुंडाळून परत दिला. संध्याकाळी ते गेले, शेवटच्या रांगेत बसले, दोन मोदक खाल्ले आणि घरी येऊन काकूंना सांगितलं, "सारण चांगलं होतं. पाकळ्या तुझ्यासारख्या नव्हत्या."

पार्कात सकाळी हास्यक्लब भरायचा. दहा-बारा माणसं हात वर करून ठरवून हसत. काका त्यांच्या शेजारून गंभीरपणे चालत जात. त्यातल्या एकाने हाक मारली, "आइए साहब, हँसने में क्या जाता है?" काका थांबून म्हणाले, "कोई बात तो बताइए पहले।" त्यावर ती मंडळी जी हसली, ते बहुधा त्या क्लबातलं पहिलं खरं हसू असावं. काका मात्र पुढे निघून गेले होते.

त्यांची खरी सुखं वेगळी होती. थंडीत ते गच्चीवर एक मोढा, म्हणजे वेताचं बिनपाठीचं बसकं, घेऊन जात आणि उन्हाबरोबर तो सरकवत सरकवत मटार सोलत. सोललेले निम्मे मटार खाली येईपर्यंत संपलेले असत. काकू दर वेळी वाटी बघून म्हणत, "एवढ्या शेंगांचे एवढेच?" काका म्हणत, "यंदा पीकच कमी आहे."

अशाच एका थंडीत काकू पडल्या. सकाळच्या धुक्यात दूध आणायला गेल्या आणि बूथच्या ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडी हाताचं दुखणं नव्हतंच. "देवांचं काय?" एवढंच.

देव म्हणजे पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक गणपती आणि एक छोटीशी महादेवाची पिंड. सासूबाईंनी दिलेले. त्यांची पूजा कधी चुकली नव्हती. काका-काकूंचा मुलगा मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. तो रविवारी आला तेव्हा म्हणाला, "यार आई, टेन्शन कशाला घेतेस? पंडितजी लावून टाकू ना, महिन्याच्या हिशोबाने." काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा घेऊन बाल्कनीत गेला.

मग काका म्हणाले, "मी करतो."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तुमचा विश्वास कुठे आहे?"

"विश्वास तुझा. काम माझं. मी तुझा लिंक ऑफिसर."

केंद्र सरकारात ही रीत आहे. एक अधिकारी रजेवर गेला, की त्याचं टेबल दुसरा सांभाळतो. तो रोजचे कागद पुढे सरकवतो, पण धोरणात्मक निर्णय घेत नाही. काकांनी त्याच दिवशी आपल्या अधिकारांची कक्षा स्पष्ट केली. देवांना आंघोळ, गंध, फूल, दिवा, नैवेद्य हे सगळं ते करतील. पण काही मागायचं झालं, तर ते काकूंनी स्वतः मागायचं. "मागण्यांवर मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"मी काय एवढं मागते हो?"

"मला कसं माहीत असणार? ती फाइल मी कधी वाचली नाही."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वेगळंच दृश्य दिसायला लागलं. काका चष्मा लावून पाटावर, आणि देवघराच्या दारात मोढ्यावर काकू, गळ्यात हात अडकवून. मी ऑफिसला निघण्याआधी चहाला आत जायचो, तेव्हा त्यांचा संवाद ऐकू यायचा.

"अहो, गंध असं मुलामा दिल्यासारखं नाही लावायचं. टिकली एवढं."

"मापाचं आधी सांगायला हवं होतं."

"आणि अन्नपूर्णेचं तोंड भिंतीकडे झालंय."

"ती स्वतः वळली असेल."

"वळवा सरळ!"

जानेवारीत कडाका पडला तेव्हा काका देवांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर कोमट करायला लागले. शेजारच्या शर्मा आंटींनी बाळकृष्णासाठी विणलेली लोकरीची टोपीही त्यांनी लगेच घातली. आपल्याकडे देवांना टोपी घालत नाहीत, असं काकू सांगून बघत होत्या. शेवटी मीच विचारलं, "काका, तुम्ही तर देव मानत नाही ना?"

"नाही."

"मग कोमट पाणी?"

"थंडी मानतो," काका म्हणाले.

मी तसा त्यांच्याच पंथातला. मोठमोठ्या पूजा, यज्ञांचे मंडप, लाउडस्पीकरवरची भक्ती यांच्याकडे मी नाक मुरडतच पाहत आलो. पण त्या कोमट पाण्याकडे मला नाक मुरडता आलं नाही.

काकूंचं प्लास्टर निघालं, तरी मनगट आखडलेलं राहिलं. बोटं मिटत नाहीत, देवाची छोटी भांडी धरवत नाहीत, असं त्या म्हणत. जेवायच्या तेही डाव्या हाताने, चमच्याने. काका त्यांचा भात कालवून द्यायचे. उन्हाळा सरला तरी देवघराचा कार्यभार काकांकडेच होता, आणि आता काकूंना दारातून फारशा सूचना द्याव्या लागत नव्हत्या. बहुतेक सकाळी दोघं नुसती बसलेली असत. पूजा संपलेली असे, दिवा तेवत असे आणि काका त्यांना वर्तमानपत्रातली एखादी बातमी सांगत असत. मुळात तासाभराची पूजा आता दीड तासावर गेली होती. नवा अधिकारी आला की असं होतंच, असं मी धरून चाललो.

मग श्रावण आला. किंवा काकांच्या मते आला.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरांना ही भानगड पाठ असते. इथला महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपला अमावास्येनंतर. त्यामुळे इथला सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो आणि पंधरा दिवस आधी संपतो. घरातल्या बायका हे दिल्लीत आल्याच्या पहिल्याच वर्षी शिकतात. पण काकांनी ती फाइल कधी वाचलीच नव्हती. पुण्याहून दरवर्षी कुणीतरी मराठी कॅलेंडर आणायचं, ते त्या साली आलं नव्हतं. स्वयंपाकघरात वाण्याने दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. त्यावर श्रावण लागलेला काकांनी पाहिला. रस्त्याकडेला गंगाजळ नेणाऱ्या कावडवाल्यांचे तंबू पाहिले. मिठाईवाल्याकडे खास सावनात मिळणारे घेवर पाहिले. तीन स्वतंत्र पुरावे जमल्यावर त्यांनी निर्णय घेतला. पहिल्या सोमवारी सकाळी ते शर्टाच्या खिशातून बेलाची पानं घेऊन आले. शेजारच्या वसाहतीतल्या मंदिरामागच्या झाडाची, प्रत्येक पान उजेडात धरून, भोक नाही ना हे पाहून निवडलेलं.

"आज तुझा उपास ना? साबुदाणा भिजवलाय," त्यांनी काकूंना सांगितलं.

काकूंनी पानांकडे पाहिलं, मग काकांकडे. "हो," म्हणाल्या. "आहे ना."

मला हे सगळं कळलं ते दोन सोमवार उलटून गेल्यावर. मला गावाहून आईचा फोन यायचा तो काकांच्या फोनवर. काका भाजी आणायला खाली गेले होते. आई म्हणाली, आज दिव्यांची अवस, दिवे धुतलेस का, असलेच तर. मी मोठ्याने म्हणालो, "म्हणजे श्रावण उद्यापासून? आमच्याकडे तर कधीच..."

काकू स्वयंपाकघरातून जवळजवळ धावत आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. उजवा हात. त्याला गुळाचा आणि कणकेचा वास होता. फोन ठेवून मी आत पाहिलं, तर ताटात कणकेचे सात-आठ दिवे मांडून ठेवले होते. प्रत्येकाची कड बोटांनी नाजूक चिमटून काढलेली.

"काकू, हात बरा झालाय की तुमचा!"

"हळू बोल."

"कधीपासून?"

"झाला असेल चैत्र-वैशाखात." त्या दाराकडे बघत होत्या. "आणि श्रावणाचंही सांगू नकोस त्यांना. तुला माझी शपथ."

"पण चूक आहे ना ती, काकू? तुमचे सोमवार..."

"माझे सोमवार मी बघते. अरे, त्यांचा स्वभाव माहितीये ना तुला? एका कागदावर चूक निघाली होती त्यांची, तर कमिटी सोडून आले होते. हे कळलं तर उद्यापासून पाटावर बसायचे नाहीत." मग त्या ताटावर फडकं झाकत म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या खोलीत एकटी बसते. आता कुठे सोबत मिळालीये. देवाला काय, पंधरा दिवस आधी बेल मिळाला तर तो काय रागावणार आहे?"

सत्याचा पुरस्कार करणं हे माझं पगारी काम होतं. मी गप्प बसलो.

राखी पौर्णिमा झाली आणि काकांनी श्रावण संपल्याचं जाहीर केलं. साबुदाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला. आमचा श्रावण तेव्हा अर्धाच झाला होता.

माझी साप्ताहिक सुट्टी सोमवारी असायची आणि त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायचो. राखीनंतरच्या पहिल्या सोमवारी काकूंनी ताट पुढे आल्यावर म्हटलं, "मला नको आत्ता. पोट जड आहे." नुसता चहा घेतला. त्यापुढच्या सोमवारीही तेच. काका एकच्या ठोक्याला जेवणारे गृहस्थ. मुलाच्या लग्नातही मुहूर्त लांबला, तेव्हा ते मांडवातून उठून एक वाजता जेवून आले होते. त्या दिवशी एक वाजला होता, पोळी ताटात होती, आणि काका तिला हात लावत नव्हते.

"गेल्या सोमवारीही जड होतं," ते म्हणाले.

"होतं कधीकधी."

"मंगळवारी नव्हतं. बुधवारी नव्हतं. फक्त सोमवारी पोट जड होणं हे बरं लक्षण नाही. मी डॉक्टरला फोन करतो." आणि ते खरंच उठले.

"अहो, बसा!"

"नको. या वयात अंगावर काढू नये."

त्यांनी फोन उचलला, डायल करायला सुरुवात केली, तेव्हा काकूंचा नाइलाज झाला. "पोटाला काही झालं नाहीये हो! उपास आहे माझा. श्रावण चालू आहे."

काकांनी फोन ठेवला. वाण्याच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. काकूंनी त्यांना थोडक्यात पौर्णिमा-अमावास्येचं गणित सांगितलं. काका ते ऐकत तिथेच उभे राहिले.

"म्हणजे मी बेल आणला तेव्हा..."

"आषाढ होता."

"आणि तेव्हाही तू उपाशी राहिलीस?"

"तुम्ही पानं आणलीत, साबुदाणा भिजवलात. मग काय पोळीभाजी खाऊ तुमच्यासमोर?"

"आणि हे सोमवारही?"

"हे तर माझेच आहेत."

काका माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे खात्यात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मंत्रालयातही असंच व्हायचं." पण त्यात नेहमीची धार नव्हती. त्यांनी ताटावर झाकण ठेवलं आणि चपला शोधायला लागले.

"कुठे निघालात भर उन्हात?" काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"येतो."

काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली. मी छत्री घेऊन त्यांच्यामागे धावलो. भाद्रपदाच्या तोंडचा तो दिल्लीचा घामट उकाडा. काका झपाझप चालत होते. मंदिरामागच्या बेलाखाली थांबले आणि पानं उजेडात धरून बघायला लागले. पुजारी ओसरीवर पंख्याने वारा घेत बसले होते. ते म्हणाले, "अंकलजी, अब क्या? सावन तो कब का निकल गया।"

"आपका निकल गया," काका वर बघतच म्हणाले. "हमारा चल रहा है।"

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पाटावर बसले आणि पिंडीवर एकेक पान ठेवलं. काकू दारातल्या मोढ्यावर येऊन बसल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "दोन शब्द बोला देवाला. चूक झाली म्हणून."

"देवाला कशाला? तो कुठे उपाशी होता?" काका मागे वळले. "तू होतीस. तुझ्याशी चूक झाली."

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. पुढे काय, हे विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती, हे मला बाहेरूनही दिसत होतं.

मी दुपारचं जेवून माझ्या खोलीत गेलो. सूर्य मावळल्यावर काकूंनी मला पुन्हा हाक मारली, उपास सोडायला सोबत म्हणून. मी गेलो तर दुपारचं काकांचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"काका, तुम्ही जेवला नाहीत? उपास?"

"उपास नाही. हिच्यासाठी थांबलो."

काकू ताटं मांडता मांडता थबकल्या. वरण, भात, अळूची भाजी, लिंबाची फोड. काकांनी नेहमीप्रमाणे काकूंच्या ताटातला भात कालवायला घेतला. काकू त्यांच्या हाताकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं.

"मग उद्यापासून बसणार नाही का तुम्ही?"

"का? हात अजून बरा नाही ना तुझा?"

मी लिंबू पिळण्यात फार गुंतलो.

"कैरीचं लोणचं घातलंस तेव्हा फोडी तूच केल्यास," काका भात कालवत म्हणाले. "मी बाल्कनीतून बघत होतो. सुरेख केल्यास."

"म्हणजे तेव्हापासून माहितीये तुम्हाला?"

"हं."

"मग चार्ज परत का नाही दिलात?"

"तू मागितला नाहीस," काका म्हणाले. त्यांनी भातावर तूप घातलं आणि ताट काकूंकडे सरकवलं. "जेव आता. भात निवतोय."

काकूंनी चमचा बाजूला ठेवला आणि उजव्या हाताने पहिला घास घेतला.